सोमवारचं पोट

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. दर सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायचं. सोमवारी पाढ्यांची तोंडी परीक्षा असे. एकदा मी चिडून म्हणाले, "नाटकं पुरे हं!" पुढच्या सोमवारी तिने पोटाचं नावही काढलं नाही, पण डबा मात्र न उघडताच घरी नेला. तेव्हा माझी चूक मला कळली.

तिचं पोट खरंच दुखत होतं! भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन नावाचा रस सुटतो. छाती धडधडते, तळहात घामेजतात, पोटाचं काम मंदावतं. "पोटात गोळा आला" असं आपण म्हणतो, ते काही उगीच नाही.

मी तिला जवळ बसवून म्हटलं, "चुकलं माझं." मग ती हळूच बोलली, "बाई, पाढा चुकला की सगळे हसतात." भीती पाढ्यांची नव्हतीच! त्यानंतर मी पाढे एकेकाला टेबलाजवळ बोलावून ऐकू लागले. हळूहळू तिचा डबा रिकामा होऊ लागला.

तुम्हालाही असं होतं? मग चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. नेमकी कशाची भीती वाटते, ते एका ओळीत लिहा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला दाखवा. कुणीच नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे.

आणि आईबाबा, डॉक्टरांना जरूर दाखवा, पण "काही होत नाही" म्हणण्याआधी एवढं विचारा, "आज शाळेत काय आहे रे?"