फुकटची पाळी

मी गोदीत लोखंड उतरवतो. मॅट्रिक पास. विद्यापीठाच्या पायऱ्या चढलो त्या फक्त मोर्च्यात. तरी आज प्राध्यापकीवर लिहितोय, कारण मजुरी मला कळते.

माझा एक दोस्त पीएच.डी. होऊन पुढच्या संशोधनाला लागला. आमच्या वस्तीतला पहिला डॉक्टर. फेलोशिप संशोधनाची, पण विभागप्रमुखाने गळ्यात तास अडकवले. आठवड्याला १२. वर पेपर तपासणी. पैसा? छदाम नाही. लेखी हुकूम? तोही नाही. नाही म्हटलं तर अहवालावरची सही अडते. तीन महिने झाले, गड्याने स्वतःच्या कामाचं पान उलटलेलं नाही.

काही साथी म्हणतात, फेलोने शिकवूच नये. मला हे पटत नाही. मग आपल्या पोरांनी फळ्यापुढे आपला माणूस बघायचा कधी? बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. १९१८ साली सिडनहॅममध्ये प्राध्यापक झाले. त्या पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी हात दिला, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. शिकवणं त्यांच्या अभ्यासाच्या आड आलं नाही. उलट त्याच पगाराने पुढची वाट काढली.

खरी गोम इथंच आहे. गोदीत एका टोळीने फुकट पाळी केली, की दुसऱ्या टोळीची हजेरी बुडाली. कॉलेजात वेगळं काय? फेलो फुकट शिकवतो तेव्हा तासिका तत्त्वावरचा नेट-सेटवाला घरी बसतो आणि राखीव जागा भरायची कुणाला घाई राहत नाही. एका दलिताच्या घामावर दुसऱ्या दलिताची खुर्ची रिकामी ठेवायची! साला, काय हिशेब आहे!

विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२ चा नियम पीएच.डी.च्या पोरांना आठवड्याला ४ ते ६ तास देऊ देतो. तेही ट्युटोरियल, प्रयोगशाळा, तपासणी एवढ्यासाठी. शिकणाऱ्याला मर्यादा आहे, मग शिकून पुढे गेलेल्याला बैल समजून जुंपायचं काय म्हणून?

तेव्हा आमचं म्हणणं साधं आहे. तास लेखी द्या. सहाच्या वर नको. त्याचं मानधन वेगळं द्या. नाही म्हणणाऱ्याची सही अडवू नका. आणि रिकाम्या जागा भरा.

दोस्ता, तू शिकव. जरूर शिकव. पण मस्टरवर नाव चढल्याशिवाय हुकाला हात घालू नकोस.

जय भीम!