मुलाचा हात मोडला तर आधी बोटं बघा



मे महिना लागला की मुलं झाडावर असतात. आंबा त्यातल्या त्यात भरवशाचा. जांभूळ आणि शेवगा मात्र दगा देतात. फांदी जाडजूड दिसते आणि पोराच्या वजनानेही कडकन तुटते. पडताना मूल हात टेकतं, सगळा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो आणि हाड मोडतं. मुलांची हाडं लवकर जुळतात, त्याची काळजी नाही. रुग्णालयाच्या प्लॅस्टर रूममध्ये काम करणाऱ्या आम्हा माणसांना धास्ती वाटते ती त्यानंतर घरात जे होतं त्याची.

कुणी तेल गरम करतं, कुणी हात ओढून ‘बसवायला’ बघतं, मग बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली जाते. जितकी घट्ट तितकी चांगली, अशी समजूत. पण सूज आत वाढतच असते आणि पट्टी तिला जागा देत नाही. रक्तपुरवठा तुटतो. मूल रात्रभर कळवळतं आणि घरचे म्हणतात, हाड मोडलंय, दुखणारच. रक्त मिळालं नाही तर साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. पुढे हाड जुळतं, पण हात गेलेला असतो. मनगट आत वळतं, बोटं मुडपून राहतात. त्या मुलाला शर्टाचं बटण लावता येत नाही, पेन्सिल दुसऱ्या हातात घ्यावी लागते. घट्ट पट्टीने असं व्यंग येतं, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं आहे. अशी मुलं आजही आमच्यासमोर येतात, याचं फार वाईट वाटतं.

मूल पडलं की आधी रागावू नका. मार बसेल या भीतीने कितीतरी मुलं दुखरा हात लपवून ठेवतात. आणि बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत, असंही समजू नका. मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, एका बाजूने चिरतं आणि दुसरीकडून धरून राहतं. मूल तो हात वापरायचं टाळत असेल, एका ठरावीक जागी बोट लावताच दचकत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

हात जसा आहे तसाच आधाराने धरा. मनगटाजवळ लागलं असेल तर खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, दुखऱ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे सैल बांधा आणि हात ओढणीच्या झोळीत घ्या. कोपराजवळ लागलं असेल आणि हात वाकवताना मूल ओरडत असेल तर वाकवूच नका, खाली उशी घेऊन तसंच न्या. बांगड्या, कडं, मनगटातला दोरा लगेच काढा. सूज चढली की ते निघत नाहीत. बर्फ फडक्यात गुंडाळूनच लावा. तेल, हळद, लेप काही नको. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कोरडं फडकं ठेवा. मांडी, मान किंवा पाठीला मार असेल तर मुलाला न हलवता १०८ ला फोन करा. आजीला राहवत नाही, ती साखर-पाणी पुढे करते. तेही नको, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

आता बोटांचं. नख दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. रंग परतत नसेल, बोटं गार किंवा निळसर असतील, मुंग्या येत असतील, बोट हळूच सरळ करताच मूल किंचाळत असेल, तर घरी बांधलेली पट्टी तिथल्या तिथे सोडा आणि रुग्णालय गाठा. आम्ही घातलेल्या प्लॅस्टरखाली असं झालं तरी मध्यरात्री या. सकाळची वाट पाहू नका.

पिढ्यान्‌पिढ्या हाडवैद्याकडे जाणारी घरं आहेत, त्यांच्या श्रद्धेला दुखवायचं नाही. पण हाडवैद्यांनाही हात जोडून सांगणं आहे की लहान मूल आलं तर न चोळता, न बांधता पुढे पाठवा. मुलांचं हाड आठ-दहा दिवसांत चिकटू लागतं, मग ते जागेवर आणणं अवघड होतं. खर्चाच्या धास्तीने कुणी थांबू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

शाळांनी आणि मंडळांनी रुग्णालयात नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लावावा. हे आवाहन पालकसभेत मोठ्याने वाचावं आणि एखाद्या मुलाचं नख दाबून रंग कसा परततो, ते सगळ्यांना दाखवावं.