एक शिडी, दोन शिड्या

झाशीच्या सदर बाजारात एखाद्या दुकानदाराने कामावरच्या पोराला चारचौघांत जातीवरून शिवी दिली, तर गुन्हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदवला जातो. कायदा संसदेचा. पण तपास उत्तर प्रदेशचे पोलीस करतात, खटला जिल्ह्याच्याच विशेष न्यायालयात चालतो, अपील अलाहाबाद उच्च न्यायालयात आणि तिथून पुढे दिल्लीला. त्याच जिल्ह्यातला जमिनीचा तंटा राज्याच्या महसूल कायद्याखाली उभा राहिला, तरी भांडण वर गेले की वाट तीच: अलाहाबाद, मग दिल्ली.

हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे कुणाचा निर्णय असेल, असे मनातही येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेशी तुलना करूनच सांगितले होते की भारतात केंद्र आणि राज्ये अशी दुहेरी सत्ता असली तरी न्यायव्यवस्था दुहेरी नसेल. उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय मिळून एकच व्यवस्था. कोलंबियात शिकलेल्या माणसाने अमेरिकेची वाट माहीत असून सोडली.

तिकडे दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. प्रत्येक राज्याची आपली न्यायालये, आपले वरिष्ठ न्यायालय. बऱ्याच राज्यांत न्यायाधीश चक्क निवडणुकीला उभे राहतात. दुसरी शिडी संघीय. तळाला ९४ जिल्हा न्यायालये, मध्ये १३ अपील न्यायालये, वर नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. कोणते प्रकरण ऐकायचे ते हे नऊ जण बहुतांशी स्वतःच ठरवतात. चौघांनी हो म्हटले तरच दार उघडते. संघीय न्यायाधीशाची निवड राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट मंजुरी देते आणि मग पद तहहयात. या शिडीवर वाटेल त्या भांडणाला जागा नाही. ढोबळमानाने, प्रश्न संघीय कायद्याचा किंवा संविधानाचा हवा, नाहीतर दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांतले आणि वाद ७५ हजार डॉलरहून मोठा हवा.

आपल्या घरातली पहिली पदवी घेऊन तिकडे गेलेल्यांना या दोन शिड्या कशा भेटतात, ते सिस्को प्रकरणात दिसले. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने एका दलित अभियंत्याच्या वतीने कंपनीवर आणि दोन वरिष्ठांवर सॅन होजेच्या संघीय न्यायालयात दावा लावला. एका वरिष्ठाने या अभियंत्याला आयआयटीत प्रवेश आरक्षणातून मिळाल्याचे सहकाऱ्यांना सांगितले, असा आरोप त्यात होता. (डबा उघडण्याआधी आडनाव विचारणारे सहकारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.) कंपनीने आरोप नाकारले. ऑक्टोबरमध्ये खात्याने तो दावा काढून घेतला आणि सांता क्लारा काउंटीच्या राज्य न्यायालयात नव्याने लावला.

शिडी बदलली की हातातला कायदाही बदलतो. संघीय कायदा १९६४ चा. त्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ आहे, ‘जात’ हा शब्द नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही तो नव्हता, पण तिथे ‘पूर्वजपरंपरा’ वेगळी नोंदलेली आहे, आणि जात म्हणजे दुसरे काय? तक्रारदाराचे नाव उघड करावे का, हाही वाद झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने सांगितले की जगात कुठेही राहणाऱ्या कुटुंबीयांना पोहोचू शकणारी इजासुद्धा विचारात घ्यावी लागेल. म्हणजे गावाकडच्या आईबापांची सुरक्षितता कॅलिफोर्नियाच्या निकालात आली. एप्रिल २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरचे दावे मागे घेतले गेले. कंपनीवरचा दावा तेव्हा मागे घेतला नव्हता.

उलट बाजूनेही शिडी वापरली जाते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगर परिषदेने जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा त्या नियमाविरुद्ध संघीय न्यायालयात दावा गेला. २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. कारण साधे होते: वादीला स्वतःला काय इजा झाली, हे दाखवता आले नाही.

म्हणून दोन शिड्या म्हणजे दोन संधी, असे सरळ गणित मांडू नये. ड्रेड स्कॉट या गुलामाने मिझुरीच्या राज्य न्यायालयात १८५० मध्ये स्वातंत्र्य मिळवले, राज्याच्याच वरिष्ठ न्यायालयात ते गमावले, मग संघीय शिडी धरली. मार्च १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच नाही. (झाशीला ते साल वेगळ्या कारणाने पाठ आहे.) त्याच न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तो खटला लढवणारे वकील थरगुड मार्शल १९६७ मध्ये तिथेच न्यायमूर्ती झाले. निकाल बदलायला शंभर वर्षे लागली, आणि वर कोण बसले आहे यावर त्यातले बरेच अवलंबून होते.

आपल्याकडे शिडी एकच, त्यामुळे हा प्रश्न अधिक टोकाचा आहे. इथे वरची पायरी बंद वाटली तर शेजारी दुसरी शिडी नाही. २०१८ पासून जुलै २०२४ पर्यंत उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६६१ न्यायाधीशांपैकी २१ अनुसूचित जातींचे, १२ जमातींचे, ७८ इतर मागासवर्गीय आणि ४९९ खुल्या प्रवर्गातले, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले याचा आनंद खराच, पण तो एका माणसाचा प्रवास आहे. आता अलाहाबाद आणि मुंबईसह प्रत्येक उच्च न्यायालयाने आपापले आकडे दरवर्षी स्वतंत्रपणे जाहीर करावेत, आणि कॉलेजियमने कोणाची नावे विचारात घेतली व का गाळली, तेही त्यासोबत छापावे.