फावला वेळ आणि छायाचित्र

शहाण्यांचा काळ काव्यशास्त्रविनोदांत जातो आणि मूर्खांचा व्यसन, निद्रा व कलह यांत, असें हितोपदेशांत सांगितलें आहे. तात्पर्य, मनुष्याची पारख त्याच्या उद्योगापेक्षां त्याच्या फावल्या वेळावरून अधिक चांगली होते. मग मागच्या पिढ्यांचा फावला वेळ कसा जात असे, हें छायाचित्रांवरून कळतें काय?

आमचें उमापूर बीड जिल्ह्यांतलें. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मोठे कसबी. शिकारी, मेजवान्या, राजवाडे, कवायती त्यांनीं टिपल्या. १८९२ सालीं तर हैदराबादेंत पडदानशीन स्त्रियांसाठीं स्वतंत्र चित्रशाळा काढून तेथील काम एका इंग्रज बाईंकडे सोंपविलें. परंतु हा विरंगुळा बहुधा श्रीमंतांचा. मारुतीच्या पारावरील गप्पा, माजघरांतील सागरगोटे, नागपंचमीचे झोके यांस तसें भाग्य क्वचितच लाभलें.

खर्च हें त्याचें एक कारण. दुसरें यंत्रांतच होतें. प्रारंभींच्या काळीं कांचेवर रसायन लावून, तें ओलें असतांनाच चित्र घ्यावें लागे, आणि तेवढे कांहीं क्षण माणसानें हलतां कामा नये. हंसणारा, खेळणारा मनुष्य निश्चल कसा राहणार? फार जुन्या तसबिरींतील पूर्वज उग्र दिसतात ते यामुळें. स्वभावानें ते तसे असतीलच असें नव्हे. पुढें कोरड्या कांचा आल्या व क्षणार्धांत चित्र उमटूं लागलें. १८९९ सालीं मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं हलत्या चित्रांच्या यंत्रानें हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. सामान्य जनांच्या करमणुकीस यंत्रासमोर मान मिळाला.

आतां अडचण उलटी झाली आहे. मोबाईल घरोघरीं आहे. मंगळागौरीची फुगडी रंगांत येते न येते तोंच, “थांबा, इकडे पाहून पुन्हां घाला,” अशी आज्ञा होते. चित्र उत्तम येतें. खेळ मात्र तेथेंच मोडतो. साक्षीदारानेंच वादीचा घात करावा, तसा हा प्रकार आहे.

म्हणून गृहस्थहो, एवढेंच सुचवावेंसें वाटतें. वडीलधाऱ्यांस नटवून उभें करूं नये. आजी वाती वळीत गोष्ट सांगत असतां, आजोबा नातवाशीं बुद्धिबळें खेळत असतां, त्यांस न थांबवितां एकच चित्र घ्यावें. तें कागदावर उतरवून पाठीमागें नांवें, गांव, तिथि व साल लिहावें. कारण त्यांतील चेहरे ओळखणारें शेवटचें माणूस गेलें कीं, तसबीर घराची न राहतां केवळ कागदाची होते. मग यंत्र बाजूस ठेवावें आणि त्या डावांत आपणही बसावें.