आरमार, नौदल की ताफा? जुन्नरच्या बाजारातून एका शब्दाचा शोध

सातवाहनांच्या नाण्यावरील दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागले की त्याखाली एक ओळ हमखास येते : ‘सातवाहनांचे बलाढ्य आरमार’. नाणे अस्सल आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांच्या काळातील, म्हणजे इ. स. दुसऱ्या शतकातील ही नाणी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर सापडतात. प्रश्न नाण्याचा नाही, त्याखालच्या शब्दाचा आहे. ते जहाज लढाऊ होते, असे त्या नाण्यावर कोठेही लिहिलेले नाही.

‘आरमार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘आर्मादा’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘शस्त्रसज्ज’. म्हणजे सातवाहनांच्या जहाजांना आरमार म्हणताना त्यांच्यावर सुमारे चौदाशे वर्षांनंतरच्या तोफा चढवल्या जातात. ‘व्यापारी आरमार’ हा जोडशब्द तर आणखी गमतीचा : शस्त्रसज्ज व्यापार!

यात जुन्नरचा संबंध काय, असे कोणी विचारील. जुन्नर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यामागे वसलेले. पण व्यापारी जहाजांचा इतिहास बंदरावर संपत नाही. कल्याणच्या खाडीत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठण, तेरकडे जाई. देशावरचा माल त्याच वाटेने खाली उतरे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. ही संपत्ती नुसत्या शेतसाऱ्यातून जमली असेल, हे पटणे कठीण आहे.

जुन्नरच्या लेण्यांत याहून बोलका पुरावा आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बांबूकाम करणारे आणि कांस्यकार यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचे उल्लेख आहेत. आणि इरिल, चिट, चंद या तीन दात्यांनी स्वतःची ओळख ‘यवन’ अशी कोरली आहे. पैकी चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. हे तिघे स्वतः जहाजावरून उतरले, की त्यांची घराणी आधीच इथे रुजली होती, हे लेख सांगत नाहीत. तरीही समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात ही नावे वाचताना बंदर जवळ आल्यासारखे वाटते खरे.

आता एक अस्वस्थ करणारी नोंद. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणविषयी म्हटले आहे की, आधी ते अधिकृत बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. शक आणि सातवाहन यांच्या संघर्षाचा हा समुद्रावरचा चेहरा. त्याच संघर्षाची खूण जुन्नरलाही आहे. नहपानाचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६ असा निर्देश असलेला लेख मानमोडीच्या लेण्यात आहे. भांडण कशासाठी होते? परक्या व्यापारी जहाजांनी माल कोणाच्या बंदरात उतरवावा, हा त्याचा एक मोठा भाग होता. इतिहास फक्त ‘आरमारा’चा सांगितला, तर या भांडणाचे कारणच नजरेआड होते.

प्रतिवाद करता येतो, आणि तो वजनदार आहे. त्या काळी व्यापार आणि शस्त्र वेगळे होतेच कुठे? भारताकडे येणाऱ्या रोमन जहाजांवर चाच्यांच्या भीतीने धनुर्धर असत, असे प्लिनी सांगतो. पोर्तुगीज आर्मादा परतताना मिरीच भरून नेत. हे सगळे मान्य. पण म्हणून दोन्हींना एकच नाव देणे योग्य ठरत नाही. शिवकाळातील माणसे हा भेद जाणत होती. गुराब आणि गलबत लढाईचे. शिबाड मुख्यतः मालवाहू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे, आणि कौल घेतलेल्या सावकारांच्या जहाजांना अभय मिळावे, ही आरमाराची जबाबदारी तिथे सांगितली आहे. राखणारा आणि राखला जाणारा, असे ते दोन आहेत.

‘व्यापारी नौदल’ हा आजचा शब्द इंग्रजी ‘मर्चंट नेव्ही’वरून बेतलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या मालवाहू जहाजांवरील असंख्य खलाशी बुडाले. त्यानंतर राजा पाचव्या जॉर्जने त्या सेवेला हे नाव सन्मान म्हणून दिले. इंग्रजीत ‘नेव्ही’चा जुना अर्थ नुसता जहाजांचा समूह असाही होता, त्यामुळे तिथे ते खपून गेले. मराठीत ‘दल’ म्हटले की सैन्य उभे राहते. परिणामी आजही कित्येक घरांत मुलगा ‘नेव्हीत’ गेला असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो एखाद्या कंपनीच्या करारावर, गणवेश असलेला परंतु सैनिक नसलेला नाविक असतो.

मग म्हणावे काय? संस्कृतात समुद्रावरून व्यापार करणाऱ्याला ‘सांयात्रिक’ म्हणत. अमरकोशात तो शब्द ‘पोतवणिक्’ याच्या जोडीने येतो. ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘यात्रा’ म्हणजे प्रवास. शब्द देखणा आहे, पण आज तो बाजारात चालणार नाही. ‘व्यापारी ताफा’ मात्र सहज चालेल. तो समूह सांगतो, सोबत सांगतो, आणि कोणाच्या हाती उगाच तलवार देत नाही.

ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरले गेले. १९१९ मध्ये ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीकडे आले आणि ५ एप्रिल रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या जहाजाला कोणी आरमार म्हणत नाही. नाण्यावरच्या जहाजालाही म्हणू नये.