डोंगरकडच्या शेतीला आपला वजनकाटा



आपल्या कार्यक्षेत्राच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अंगाला जी गावे आहेत, तिथल्या अल्पभूधारकांना सेंद्रिय मालाचा धंदा उभा करून देण्यास कारखान्याने मदत करावी, असा विचार सध्या चालू आहे. त्यावर गट ऑफिसात, पारावर आणि उसाच्या फडातही बोलणे होत आहे. बहुतेकांचा सूर एकच. "आमच्या उसाच्या पैशातनं डोंगरच्या नाचणीला खतपाणी कशापायी?" प्रश्न रोखठोक आहे आणि सभासदाने तो विचारलाच पाहिजे. आम्ही मात्र या कामाच्या बाजूचे आहोत. पण कोणत्याही रीतीने केले तरी चालेल, असे आमचे म्हणणे नाही. त्याचीच चर्चा इथे करतो.

आधी पाण्याचे बोलू. कोयना, वारणा, दूधगंगा ही सगळी पाणी सह्याद्रीतून येतात. आपल्या लागणीला आणि खोडव्याला जे पाणी मिळते, ते साठवायला डोंगरातल्या माणसांच्या खाचरांवर धरणे बांधावी लागली. कित्येकांची भातखाचरे पाण्याखाली गेली, वर उरली ती वरकस जमीन. त्या उतारावर झाड राहिले, बांध राहिला, तरच खाली धरणात गाळ कमी येणार. वरची शेती परवडेनाशी झाली, की माणूस मुंबईला जातो, बांध फुटतो आणि माती खाली येते. तेव्हा हा नुसता दानधर्माचा विषय नाही.

आता शेतीचे. डोंगरातला शेतकरी भात, नाचणी, वरी पिकवतो. रासायनिक खत तो फार वापरत नाही. त्यामागे काही तत्त्व आहे असे नव्हे. पावसाचा जोरच असा, की टाकलेला युरिया ओढ्याला लागतो, आणि पैसाही हातात नसतो. मग काही मंडळी म्हणतात, "त्यांची शेती सेंद्रियच आहे, नुसता शिक्का मारायचा!" हा समज धोक्याचा आहे. खत न घालणे वेगळे आणि सेंद्रिय शेती वेगळी. जमिनीतून दरवर्षी काढत राहायचे आणि परत काही द्यायचे नाही, याला आमच्या भाषेत जमीन पिळणे म्हणतात. शेणखत हवे तर जनावर हवे, आणि डोंगरातली जनावरे दर वर्षाला कमी होत चालली आहेत. कामाची सुरुवात गोठ्यापासून करावी लागेल.

या बाबतीत सिक्कीमचे उदाहरण सगळीकडे दिले जाते, म्हणून ते नीट पाहू. हिमालयातले हे छोटे राज्य, उतारावरच्या पायऱ्यांची शेती, शेतकरी बहुतेक अल्पभूधारक. २००३ साली मुख्यमंत्री पवनकुमार चामलिंग यांनी विधानसभेत संपूर्ण राज्य सेंद्रिय करण्याचा संकल्प जाहीर केला. रासायनिक खताचे अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले. २०१० साली सिक्कीम ऑरगॅनिक मिशन सुरू झाले, २०१४ साली रासायनिक खते व औषधे राज्यात आणण्या-विकण्यावर कायद्याने बंदी आली, आणि जानेवारी २०१६ मध्ये गंगटोकला पंतप्रधानांच्या हस्ते देशातले पहिले सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली. सुमारे पंचाहत्तर हजार हेक्टर जमीन प्रमाणित झाली. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसह दिला जाणारा आंतरराष्ट्रीय सुवर्ण पुरस्कारही या धोरणाला मिळाला. काम मोठे झाले यात शंका नाही, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण शिक्का मिळाला म्हणून बाजार मिळतो असे नाही, हेही तिथेच दिसले. सिक्कीमचे आले घ्या. ओले, जड, नाशवंत. डोंगराच्या वाटेने ते खाली सिलिगुडीच्या बाजारात उतरते, आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या लेखी शेजारच्या ढिगातले आले आणि हे आले एकच. प्रमाणपत्र खिशात आणि भाव साध्या मालाचा, अशी कित्येक शेतकऱ्यांची तक्रार झाली. उलट, राज्याला लागणारा भाजीपाला बराचसा खालूनच येत होता. २०१८ साली बाहेरच्या रासायनिक भाजीपाल्यावर बंदी घातली तेव्हा बाजारात भाव कडाडले आणि लोकांची ओरड झाली. म्हणजे पिकवणारा म्हणतो भाव मिळत नाही आणि खाणारा म्हणतो परवडत नाही. मधली व्यवस्था आधी उभी केली नाही, की असे होते.

त्याच सिक्कीममधली मोठी वेलची मात्र वेगळी गोष्ट सांगते. उतिसच्या झाडांच्या सावलीत, ओलाव्याच्या उतारावर ती येते. बोंडे काढून भट्टीवर वाळवली, की माल टिकतो. वजनाला थोडा, भावाला भारी. रस्ता आठ दिवस बंद पडला तरी घरात पोते सुरक्षित. डोंगरात रस्ता बंद पडणे ही नित्याची गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस्ता नदीला हिमसरोवर फुटून पूर आला, तेव्हा धरण आणि महामार्ग दोन्ही उद्ध्वस्त झाले. असल्या मुलखात कोणत्या पिकाचा धंदा करायचा, हे रस्त्याकडे पाहून ठरवावे लागते. अर्थात वेलचीवरही विषाणूचे आणि करप्याचे रोग येऊन बागा खालावल्या, त्यामुळे एकाच पिकावर मान टाकून निजता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. ऊस तोडला की तो चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर उतारा पडतो. म्हणूनच कारखाना फडाजवळ लागतो. नाचणीला ती घाई नाही, हळदीला वाळवल्यावर नाही, हिरड्याला तर नाहीच. तेव्हा डोंगरात पहिल्याने घ्यायचा माल तो असा घ्यावा. टोमॅटो-भाजीच्या मागे लागू नये, मग ती कितीही सेंद्रिय असो.

आंध्रातल्या पूर्वघाटात अराकूचे खोरे आहे. तिथले आदिवासी शेतकरी एकर-दोन एकरात, झाडांच्या सावलीला कॉफी लावतात. गिरिजन सहकारी महामंडळ तिथे १९५६ पासून माल खरेदीचे काम करते, आणि नांदी फाउंडेशनसारख्या संस्थेने शेतकऱ्यांची सहकारी संस्था बांधून सेंद्रिय कॉफी परदेशापर्यंत नेली. २०१७ साली पॅरिसमध्ये अराकू कॉफीचे दुकान निघाले, २०१९ साली तिथल्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मते यातले मर्म पॅरिसच्या दुकानात नाही. पिकलेली फळे गावातून गोळा करून एका ठिकाणी, एका पद्धतीने धुवून-वाळवून तयार केली, हे मर्म आहे. घरोघरी वाळवलेली कॉफी घरोघरी वेगळी निघते, आणि अशा मालाला नाव मिळत नाही. आपल्याकडे आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला मानांकन आहे. पण मानांकनाचा भात ज्या गिरणीत भरडायचा, त्याच गिरणीत दुसरा भात पडला, की सगळे मुसळ केरात. नाचणी घ्या. खडा निघाला पाहिजे, पाखडून प्रतवारी झाली पाहिजे. शहरातल्या गिऱ्हाइकाला पहिल्या घासाला खडा लागला, तर तो दुसऱ्यांदा पिशवी घेत नाही. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे खूप झाली. खडे काढायची यंत्रे गावात किती आली, ते ज्याचे त्याने मोजावे.

आता प्रमाणपत्राचा मामला. निर्यातीच्या नियमाप्रमाणे हंगामी पिकाला पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि बहुवार्षिक पिकाला पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षे जमीन सेंद्रिय पद्धतीने राखावी लागते. या संक्रमणाच्या काळात कष्ट सेंद्रियचे आणि भाव साधा. सरकारच्या परंपरागत कृषी विकास योजनेतून २०१५ पासून गटांना तीन वर्षे मदत मिळते. बरोबर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे माल खऱ्या अर्थाने विकायला तयार होतो तेव्हा, मदत संपते आणि गट मोडतो. असे मोडलेले गट आपल्याच जिल्ह्यात दाखवता येतील. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे, की कारखान्याने मदत करायची तर ती चौथ्या-पाचव्या वर्षाला करावी. बियाण्याच्या पिशव्या वाटून फोटो काढायला बाकीचे पुष्कळ आहेत.

एकेकट्याने प्रमाणपत्र काढणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून गटाचे काढतात. त्यात गटच प्रत्येक शेताची नोंदवही ठेवतो, गटाचाच माणूस शेत तपासतो आणि बाहेरचे तपासनीस त्यातली काही शेते पाहतात. एकाने चोरून औषध मारले, की सगळ्या गटाचे प्रमाणपत्र अडचणीत येते. आपल्याला हे नवे नाही. चार गाड्यांत पाचट-माती जास्त आली, की उतारा सगळ्या सभासदांचा पडतो. फरक इतकाच, की आपल्याकडे चिटबॉय आणि शेतकी खाते हे बघायला आहे, डोंगरात ती नोंदवही लिहायला कोणी नाही. देशी बाजारासाठी सहभाग हमी पद्धत आहे, तीत शेतकरी एकमेकांची शेते तपासतात आणि खर्च कमी येतो. सुरुवात तिथूनच करावी असे आम्हांस वाटते. परदेशाचे मागाहून बघता येईल.

आपल्याकडून काय द्यायचे? काही सभासदांनी सुचवले, की आपले प्रेसमड ट्रकने वर पाठवावे. कल्पना चांगली, पण ओले प्रेसमड घाट चढवणे म्हणजे भाड्याने पाणी वाहणे. शिवाय साखर कारखान्याचा उपपदार्थ प्रमाणित शेतात टाकण्यापूर्वी प्रमाणन संस्थेला विचारावे लागते, न विचारता टाकला तर तीन वर्षांचे काम पाण्यात. त्यापेक्षा गुळाचे बघा. जीवामृताला दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, बेसन आणि दोन किलो गूळ लागतो. हा गूळ बिनहायड्रॉसचा हवा. आपल्या गुऱ्हाळवाल्या सभासदांनी तसला गूळ रास्त भावाने दिला तरी मोठी मदत होईल. (खाणाऱ्यांनाही तोच द्यावा, हे जाता जाता.)

पण खरी मदत आमच्या मते वेगळीच आहे. प्रवरेला १९५० साली लोणीचा कारखाना उभा राहिला, तो काही साखर करायची हौस म्हणून नव्हे. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्षपदी बसला, कारण शेतकऱ्याच्या मालाचा भाव दुसराच कोणी ठरवत होता. आज डोंगरातल्या बाईच्या डोक्यावरचे नाचणीचे बोचके आठवडी बाजारात ज्या तराजूवर जाते, तो तराजू व्यापाऱ्याचा, भाव त्याचा, आणि घरी परत न्यायचे तर पायपीट तिची. आपल्याला वजनाची पावती मिळते, चौदा दिवसांत पैसे द्या असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि थकले तर आपण मोर्चा काढतो. तिला यातले काहीच नाही. गावात काटा, काट्यावर पावती, पावतीवर पहिली उचल त्याच दिवशी आणि माल विकल्यावर दुसरा हप्ता, ही पद्धत आपल्याला पाठ आहे. एवढी जरी वर नेली तरी पुरे. त्यासाठी हिशेबनीस लागेल, खरेदीला खेळते भांडवल लागेल, आणि ते कर्ज म्हणूनच द्यावे. फुकटच्या पैशाला हिशेब राहत नाही.

एक अट मात्र आम्ही आग्रहाने मांडतो. संस्था त्यांची असावी. शेअर त्यांचे, मत त्यांचे, अध्यक्ष त्यांच्यातला आणि निम्म्या संचालक बाया असाव्यात, कारण डोंगरातली शेती बहुतांशी त्याच करतात. आपल्या इथे निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यांची सोय लावण्याची जागा म्हणून ही संस्था निघणार असेल, तर ती न निघालेली बरी. हे लिहिल्याने काही मंडळींना राग येईल, त्याला इलाज नाही.

राहिला प्रश्न उत्पन्नाचा. सेंद्रियने उत्पन्न घटते, असे काही जण म्हणतात. भरपूर पाणी-खतावरच्या रानात पहिल्या वर्षांत घट येते, हे खरे. पण जिथे मुळात खतच नव्हते, तिथे शेणखत, गिरिपुष्पाचा पाला आणि बांधबंदिस्ती झाली, तर घटायचे कारण नाही. आणि तुमच्या उसाची खते कोणी बंद करायला निघालेले नाही, तशी अफवा उठली आहे म्हणून सांगतो.

विषय वार्षिक सभेपुढे येईल. खेळत्या भांडवलाची रक्कम किती असावी, परतफेडीची मुदत किती आणि वसुली थकली तर जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टी ठरावात आकड्यांनी लिहिल्या आहेत की नाहीत, ते सभासदांनी वाचून पाहावे. नसतील, तर हात वर करण्याआधी उभे राहून विचारावे. सभेआधी वरच्या गावांतल्या चार बायांना आणि चार कारभाऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणेही ऐकावे, अशी सूचना आम्ही अध्यक्षसाहेबांकडे दिलेली आहे. ती मंडळी येतील तेव्हा त्यांच्या परतीच्या गाडीची सोय आधी करून ठेवावी, कारण शेवटची एस. टी. लवकर सुटते.