पहिल्या तीन वर्षांचे दान

शारदीय नवरात्रात अमरावतीस अंबादेवी व एकवीरादेवी यांच्या दर्शनासाठी वऱ्हाडभरातून माणसे लोटतात. ओट्या भरल्या जातात, दानपेटीत यथाशक्ती द्रव्य पडते, मंडळांची मुले पावतीपुस्तक घेऊन दारी येतात. देणाऱ्या हातांची आपल्या प्रांतात वानवा नाही. हे दान कोठे पोहोचावे, एवढाच प्रश्न आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे. देश आपला वऱ्हाड, काल नवरात्राचा. मग पात्र कोण? आमच्या मते, आपल्याच गावात लोकोपयोगी काम नुकतेच हाती घेतलेला कार्यकर्ता हे आज सर्वांत उपेक्षित पात्र होय.

कंपनी अधिनियम २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात. मात्र हा पैसा बाहेरच्या सेवाभावी संस्थेमार्फत खर्चावयाचा, तर तिच्या गाठी तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नियम योग्यच आहे. दूरच्या माणसाने विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारे? परंतु मेळघाटातील बालकांच्या पोषणासाठी किंवा अकोल्याच्या एखाद्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी झटणाऱ्या तरुणाने ती पहिली तीन वर्षे काढावी कशी? तेथे शेजाऱ्याचाच हात लागतो. दूरचा मनुष्य कागद पाहतो, शेजारी माणूस पाहतो.

वऱ्हाडातील थोर कामे याच बळावर उभी राहिली. शेणगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट बांधविला, १९१७ मध्ये पंढरपुरी चोखामेळा धर्मशाळा उभारली, १९२५ मध्ये मूर्तिजापुरास गोरक्षणाचे काम आरंभिले. हाती खराटा आणि मुखी कीर्तन, हेच त्यांचे भांडवल. लोकांनी दिलेली पै न् पै लोकांसाठी लागली. स्वतःसाठी त्यांनी काही राखले नाही. समाज कुष्ठरोग्याची सावलीही टाळीत होता, त्या काळी, १९४६ मध्ये, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले. अशा कामांच्या आरंभी कोणाच्या गाठी अनुभवाचा दाखला असतो?

भक्तीला हिशेबाचे वावडे नसावे. नोंदणी न झालेल्या गटाला धर्मादाय कार्यासाठी वर्गणी गोळा करावयाची असल्यास, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. उत्सव मंडळांना ही वाट पाठ असते. नवख्या कार्यकर्त्याला ती अडचणीची भासते. तेव्हा प्रत्येक मंडळाने यंदा अशा एका कार्यकर्त्याचा हात धरावा. अर्ज कसा करावा, पावती कशी फाडावी, जमाखर्च कसा ठेवावा, हे त्याला शिकवावे. आरतीपूर्वी दहा मिनिटे मंडपात त्याला बोलू द्यावे.

गृहस्थांनीही एकदम मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा, झेपेल तेवढी रक्कम दरमहा तीन वर्षे द्यावी, आणि हिशेब निःसंकोच मागावा. देवीच्या ओटीत उणे करा, असे आमचे सांगणे नाही. त्या ओटीच्या शेजारी आणखी एक मूठ ठेवा, इतकेच.

कार्यकर्त्यांसही आमचे सांगणे आहे. संस्थेची नोंदणी लवकर करावी, कारण अनुभवाची वर्षे संस्थेच्या नावे मोजली जातात. जमाखर्च दरवर्षी चारचौघांत वाचून दाखवावा. काम शेतीचे असल्यास अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा. घरचे ज्ञान सोडून दूर धावण्यात अर्थ नाही.

घटात पेरलेले धान्य नऊ दिवसांत अंकुरते, कारण घरातले कोणी ना कोणी त्याला रोज पाणी घालते. गावातील चांगल्या कामाला तीन वर्षे असे पाणी घालणारे हात वऱ्हाडातील घराघरांत निर्माण होवोत, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.